देवळाच्या पायरीपासून गळक्या वर्गापर्यंत

आमचा आजा सांगायचा, "साळा देवळात भरायची. आमी पायरीखाली, मातीत. मास्तर आमच्या पाटीला हात लावायचा न्हाई, लांबनंच बघायचा. पाऊस आला की बाकीची पोरं आत सरकायची, आन् आमी भिजत घराकडं." आजाची शाळा दुसरीतच सुटली. पावसाने सोडवली, असं तो हसत म्हणायचा. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता. छप्पर मात्र सगळ्यांचं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात माझी पुतणी भर दुपारी दप्तर डोक्यावर धरून घरी आली. "वर्गात पाणी गळतंय, मास्तरांनी सोडलं." आजाची चौथी पिढी. पुन्हा पाऊस, पुन्हा घर. म्हणून हा लेख.

मित्रांनो, शाळेची इमारत म्हणजे नुसते दगडमाती नव्हे. आपल्या माणसांना शिकायचं होतं, पण शाळा भरायची देवळात, नाहीतर कुणाच्या तरी वाड्यात. तिथं आपला पाय चालत नव्हता. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. एका पोरासाठी सगळ्या गावाचं मन कसं दुखवायचं, म्हणून सरकारने हात झटकले. वर लंडनपर्यंत चर्चा झाली, आणि 1858 साली सरकारला म्हणावं लागलं की ज्या शाळा निव्वळ सरकारी खर्चाने चालतात त्या सर्व जातींना खुल्या आहेत. कागदावर का होईना, एक सूत्र हाती लागलं : पैसा सार्वजनिक, तर दारही सार्वजनिक.

आणि हा पैसा कुणाचा? 1860 नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला. त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. म्हणजे घाम रानातला. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे हेच मांडलं : सरकारची तिजोरी शूद्रातिशूद्रांच्या कष्टाने भरते, आणि खर्च होतो वरच्यांच्या वरच्या शिक्षणावर. 1923 साली बोल्यांचा ठराव झाला. आपण तो पाणवठ्यांपुरता लक्षात ठेवतो. पण त्यात सार्वजनिक शाळाही होत्या. बाबासाहेब 12 मार्च 1927 रोजी मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. माणशी चौदा आणे शिक्षणावर जातात, त्याहून कितीतरी जास्त सरकार दारूच्या करातून लोकांकडून काढतं, असा हिशेब त्यांनी मांडला. ह्या चालीने सगळी मुलं शाळेत यायला चाळीस वर्षं आणि मुली यायला तीनशे वर्षं लागतील, असंही सांगितलं. त्यानंतर आठच दिवसांनी चवदार तळं. पाण्याचा लढा आणि शाळेच्या पैशाचा लढा एकाच महिन्यातला आहे, हे विसरू नका.

स्वातंत्र्यानंतर आमच्या गावात शाळेला स्वतःची खोली झाली. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. आमच्या शाळेला दगड कुणी फोडले? आमच्या वस्तीने. श्रमदान म्हणून. बाप अजून बोट दाखवतो, "तो कोपऱ्याचा दगड माज्या पाठीवरनं आलाय." पण त्या खोलीत बाप आत बसला. भिंतीला टेकून बसला. देऊळ नव्हतं, वाडा नव्हता. आपली म्हणावी अशी गावातली पहिली सार्वजनिक जागा ती.

आज त्याच भिंतीला पोट आलंय. दगड मातीत रचलेले. वरून पाणी मुरलं की आतली माती वाहून जाते आणि भिंत फुगते. वासे वाळवीने खाल्लेत. शेजारची नंतरची स्लॅबची खोली तर त्याहून बेकार. गिलावा पडतो, सळ्या गंजून उघड्या पडल्यात.

मग दुरुस्ती का होत नाही? कागदाची वाट बघा. मुख्याध्यापक पत्र लिहितो. ते गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. तिथून बांधकामाकडे. अभियंता येऊन बघणार, धोकादायक म्हणून दाखला देणार. मग निर्लेखनाचा प्रस्ताव, म्हणजे इमारत सरकारी दप्तरातून कमी करणं. ते झाल्याशिवाय पाडता येत नाही, आणि पाडल्याशिवाय त्या जागी नवी खोली नाही. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निधी. मार्च आला की पैसा परत, नाहीतर रंगरंगोटीत खलास. जूनला पोरं त्याच आढ्याखाली. प्रत्येक टेबलावरचा माणूस म्हणतो, "माझ्याकडे अडलेलं नाही." आणि खरंच, कुणाकडेच अडलेलं नसतं, फक्त छप्पर खाली येतं.

2017च्या ऑगस्टात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत पावसात कोसळलं. तीन मुलं गेली. 25 जुलै 2025ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीची सरकारी शाळा सकाळीच पडली. सात मुलं गेली. ती शाळा मोडकळीस आलेल्यांच्या यादीतच नव्हती, असं नंतर प्रशासनाने सांगितलं. म्हणजे मरायला यादीत नाव लागत नाही, वाचायला लागतं!

कायदा नाही असं नाही. 2004 साली कुंभकोणमच्या शाळेत गवती छपराला आग लागून 94 मुलं जळाली. तो प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला, आणि 2009 साली कोर्टाने म्हटलं : शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. त्याच वर्षी शिक्षण हक्काचा कायदा झाला, 1 एप्रिल 2010 पासून लागू. सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत तीन वर्षांत द्यायची होती. ती मुदत 2013 सालीच संपली.

आता शाळेत बघा कोण उरलंय. पाटलाचा नातू पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातो. मागे राहिलेत ते आपले, पारध्यांचे, वडारांचे, ऊसतोडीला जाणाऱ्यांचे. फाईल सावकाश का चालते, ह्याचं उत्तर त्या हजेरीपटात आहे. आजाला आत घेतलं नव्हतं. पुतणीला आत घेतलं, पण आत छप्परच ठेवलं नाही.

1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो पुण्याचा भिडेवाडा आपल्या डोळ्यांदेखत मोडकळीला आला. कोर्टकचेरीत वर्षं गेली. 2023च्या डिसेंबरात तो पाडला, आता स्मारक. स्मारक व्हावंच. पण जयंतीची वर्गणी मोजताना आपल्या गावच्या शाळेचं आढंही एकदा वर मान करून बघा.

आणि नुसतं बघू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात, दुर्बल घटकांचे त्यांच्या प्रमाणात. आपल्या बायाबाप्यांना तिथं बसवा, कोऱ्या ठरावावर अंगठा देऊ देऊ नका. माहिती अधिकारात विचारा : इमारत शेवटची कधी तपासली? दाखला काय दिला? निर्लेखनाचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर, किती दिवस? ग्रामसभेत ते मोठ्याने वाचा. पाऊस पडायच्या आधी वाचा.

बापाने पाठीवरून दगड वाहिला तो पोरांच्या डोक्यात पडावा म्हणून नाही.

जयभीम.