करंटची झुडपे आणि पाइनचा तांबेरा

ब्लॅक करंट आइस्क्रीम आता तालुक्याच्या गावीही मिळते. पण हे करंट कसल्या झाडाला लागते, असे वर्गात विचारले तर 'काळ्या मनुका' हे उत्तर हमखास येते. मुलांची त्यात फारशी चूक नाही. गोंधळ मुळात नावाचा आहे. ग्रीसमधील कॉरिंथ या गावाच्या नावावरून तिकडच्या बारीक, बिनबियांच्या सुक्या द्राक्षांना इंग्रजीत 'करंट' म्हणू लागले. पुढे उत्तर युरोपातील एका झुडपाची बारीक आंबट फळे तशीच दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव चिकटले. इंग्रजी पुस्तकांत तर आपल्या करवंदाला 'बेंगॉल करंट' आणि आवळ्याला 'इंडियन गूजबेरी' म्हटलेले आढळते. या दोघांचा खऱ्या करंटशी काडीचाही संबंध नाही.

खरे करंट 'रिबेस' या प्रजातीतले. या प्रजातीत दीडशेहून अधिक जाती आहेत. त्या मुख्यतः उत्तर गोलार्धाच्या थंड प्रदेशांत वाढतात, काही आपल्या हिमालयातही आहेत. फुले येण्यासाठी या झुडपांना हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. म्हणून महाराष्ट्रात त्यांची लागवड जमत नाही.

बागेतल्या करंटची ओळख पटवणे अवघड नाही. पान चुरगळून वास घ्यावा. उग्र वास आला तर झुडूप काळ्या करंटचे. त्याच्या पानाच्या मागच्या बाजूला भिंगातून पिवळसर ग्रंथींचे ठिपके दिसतात. तांबड्या करंटच्या पानाला असा वास नसतो. पांढरे करंट म्हणजे तांबड्याचेच रंगद्रव्य नसलेले वाण. पेरापेराशी काटे असतील आणि फळे घोसाऐवजी एकेकटी किंवा दोन-तीन मिळून लोंबत असतील, तर ते गूजबेरी.

ही ओळख केवळ नाव सांगण्यापुरती नसते. लागवड तिच्यावरच अवलंबून असते. दोन्ही करंटची रोपे छाट कलमाने होतात. परंतु काळ्या करंटचे कलम सर्व डोळे राखून खोल लावतात, म्हणजे जमिनीखालून नवे फुटवे येत राहतात. त्याला फळ मुख्यतः मागील वर्षीच्या फांदीवर येते. म्हणून दर हिवाळ्यात जुन्या फांद्या बुडाशी छाटतात. तांबड्या करंटला फळ जुन्या लाकडावरच्या आखूड फुटव्यांवर येते. त्याच्या कलमाचे खालचे डोळे काढून एक लहान खोड ठेवतात आणि जुन्या फांद्या राखतात. दोघांना एकच छाटणी दिली तर एकाचे पीक बुडते.

बागेत ओळख चुकली तर एका हंगामाचे नुकसान होते. देशाच्या पातळीवर तिचे महत्त्व किती असते, हे अमेरिकेच्या इतिहासात दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पांढऱ्या पाइनची जंगले मोठ्या प्रमाणावर तोडली गेली होती. नव्या लागवडीला देशी रोपवाटिकांतली रोपे पुरेनात, म्हणून युरोपातून स्वस्त रोपे मागवली गेली. हा पाइन मूळचा अमेरिकेचाच. बी युरोपात नेले, तिथे रोपे झाली आणि ती परत आली. येताना त्यांनी 'क्रोनार्शियम रिबिकोला' ही बुरशी आणली. १९०६ साली न्यू यॉर्क राज्यातील जिनिव्हा येथे करंटच्या झुडपांवर ती आढळली. १९०९ साली जर्मनीहून आलेल्या पाइनच्या रोपांतही सापडली. पश्चिम किनाऱ्यावर ती १९१० साली फ्रान्सहून व्हँकूव्हरला आलेल्या रोपांबरोबर पोचली आणि १९२१ साली उघडकीस आली.

ही बुरशी तांबेऱ्याच्या कुळातली. तिचे जीवनचक्र पुरे व्हायला दोन वनस्पती लागतात : पाच-पाच सुयांच्या जुडग्यांचा पाइन आणि रिबेस. पाइनच्या सालीवर फोड येतात. वसंतात त्यांतून नारिंगी बीजाणू उडतात. ते दुसऱ्या पाइनवर रुजत नाहीत, फक्त रिबेसच्या पानावर रुजतात. उन्हाळ्यात ही बुरशी एका झुडपावरून दुसऱ्या झुडपावर पसरते. उन्हाळा सरताना तिथे नव्या प्रकारचे, पातळ भिंतीचे बीजाणू तयार होतात. थंड, दमट हवेत ते पाइनच्या सुयांवर पोचतात आणि तिथून बुरशी फांदीत व खोडात उतरते. खोडाला वेढा पडला की त्यावरचा भाग वाळतो. पाइनवरची आणि रिबेसवरची बुरशी एकच आहे, हे हाइनरिश क्लेबान या जर्मन शास्त्रज्ञाने १८८८ साली दाखवले होते.

या चक्रातील एक गोष्ट महत्त्वाची. पाइनवरून निघालेले बीजाणू शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. रिबेसवरून पाइनकडे जाणारे बीजाणू मात्र नाजूक असतात आणि बहुधा काही शे मीटरांतच मरतात. म्हणजे पाइनच्या आसपासची रिबेस काढली, की साखळी तुटते. पाइनचे लाकूड मोलाचे, त्यामानाने करंट किरकोळ फळ. निर्णय उघड होता.

१९१२ साली अमेरिकेत वनस्पतींसाठी क्वारंटाइन कायदा झाला. त्यानंतर करंट व गूजबेरी यांच्या वाहतुकीवर आणि लागवडीवर निर्बंध आले. माणसांच्या तुकड्या जंगले विंचरून रिबेस उपटू लागल्या. १९३०च्या दशकात बेकार तरुणांना कामे देणाऱ्या सरकारी योजनेतूनही हे काम झाले. पूर्वेकडे, जिथे झुडपे थोडी आणि जमीन सोपी होती, तिथे त्याचा उपयोग झाला. पश्चिमेच्या डोंगरांत मात्र झाला नाही. मातीत राहिलेल्या मुळाच्या तुकड्यांतून झुडपे पुन्हा फुटत. बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राही. १९६६ साली केंद्राची बंदी उठली आणि निर्णय राज्यांवर सोपवला गेला. न्यू यॉर्क राज्याने व्यापारी लागवडीवरची बंदी उठवायला २००३ साल उजाडले. तोवर तिथल्या दोन-तीन पिढ्या हे फळ जवळजवळ विसरल्या होत्या.

मधल्या काळात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, सर्व रिबेस सारखे दोषी नव्हते. काळे करंट या रोगाला सर्वाधिक बळी पडते, तांबड्याचे अनेक वाण बरेच कमी. कॅनडात ओटावा येथे सैबेरियाकडील एका जातीशी संकर करून 'कॉन्सॉर्ट'सारखे काळ्या करंटचे प्रतिकारक्षम वाणही तयार झाले होते. दुसरी, दोषी फक्त रिबेसच नव्हते. २००४ साली आयडाहो राज्याच्या जंगलात ही बुरशी रिबेसशी नाते नसलेल्या 'पेडिक्युलॅरिस' आणि 'कॅस्टिलेजा' या रानफुलांवरही सापडली. इतकी वर्षे ज्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते, ती झाडे शेजारीच उभी होती.

कथा इथे संपत नाही. २०१०नंतर कनेक्टिकटमध्ये प्रतिकारक्षम मानलेल्या वाणांवरही रोग दिसल्याची नोंद झाली. बुरशीही बदलत असते. आणि २०२२ साली पश्चिमेच्या उंच डोंगरांवरील 'व्हाइटबार्क' पाइनची नोंद अमेरिकेच्या कायद्याखाली संकटग्रस्त जातींत करावी लागली. त्याचे एक प्रमुख कारण हाच तांबेरा.

यावरून आपल्याकडील एक उदाहरण आठवते. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यालाही दोन वनस्पती लागतात : गहू आणि बारबेरी. अमेरिकेने १९१८ पासून बारबेरी उपटण्याची मोहीम काढली. बारबेरीच्या जाती आपल्या हिमालयातही आहेत. मग आपणही त्या उपटाव्यात काय? आग्र्याचे करमचंद मेहता यांनी अनुकरण न करता आधी पाहणी केली. आपल्याकडे मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही. तो डोंगराळ भागातल्या अवेळी उगवलेल्या गव्हावर तग धरतो आणि तिथून वाऱ्याने खाली येतो. दर वर्षीच्या साथीत बारबेरीचा वाटा नाही, असे त्यांनी दाखवले. बारबेरी उपटण्यात कष्ट वाया गेले असते.

परीक्षेत 'रोगाचा प्रसार कसा थांबवाल?' याला 'आश्रय देणारी वनस्पती नष्ट करून' हे उत्तर लिहिले की गुण मिळतात. आम्हाला वाटते, शिक्षकांनी तिथे न थांबता आणखी तीन प्रश्न विचारावेत. नेमकी कोणती जात? किती अंतरापर्यंत? आणि हे इथल्या पाहणीवरून कळले, की दुसरीकडचे उचलले? सुरुवात शाळेच्या कुंपणाशी करता येईल. सारखी दिसणारी दोन झुडपे निवडावीत. पाने चुरगळून वास घ्यावा, मागची बाजू भिंगातून पाहावी, काटे आणि घोस तपासावेत आणि मगच नाव लिहावे. झुडूप उपटायला काही मिनिटे पुरतात. ते नेमके कोणते आहे हे कळायला मात्र कधीकधी शंभर वर्षे लागतात.