माता रुक्मणीचा संघ

रायपूरनजीक उरला येथे, पोलादाच्या कारखान्यांच्या धुरात दिवस काढणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांना विनोबांच्या मातोश्रींचे नाव परके नाही. ज्यांच्यासाठी ‘गीताई’ अवतरली त्या रुक्मिणीबाई. विनोबांचे अनुयायी धर्मपाल सैनी यांनी १९७६ साली बस्तरात, जगदलपूरनजीक डिमरापाल येथे, आदिवासी मुलींसाठी आश्रम काढला तो त्यांच्याच नावाने. पुढे हेच नाव फुटबॉलच्या मैदानावर गेले.

भारतीय महिला लीगचा आरंभ २०१७ साली दिल्लीत अवघ्या ६ संघांनिशी झाला. त्यांत पुण्याचाही एक संघ होता. पहिले अजिंक्यपद मात्र मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनकडे गेले. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत अहमदाबादेस १६ संघ जमले, आणि त्यांत बस्तरचा ‘माता रुक्मणी’ होता. अंतिम सामन्यात गोकुळम केरळने किकस्टार्टचा ५-० असा पाडाव करून सलग तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविले.

पुढील हंगामात ७ च संघ उरले. आपल्या व प्रतिपक्षाच्या मैदानावर आळीपाळीने सामने होऊ लागले. स्पर्धेस खरे लीगचे रूप आले यात शंका नाही; तथापि त्या सातांत बस्तर नव्हते. खेळाचा दर्जा वाढावा हे आम्हांसही मान्य आहे. परंतु अरण्यातील मुलींना देशाच्या मैदानावर आणणारी वाट त्यापायी अरुंद होणार असेल, तर इतिहासाने विजेत्यांबरोबर त्या १६ संघांचीही नोंद ठेवावी, एवढेच आमचे मागणे आहे.