फर्माइशीचे पोस्टकार्ड

नभोवाणीचा इतिहास लिहिणारे बहुधा प्रक्षेपकांची शक्ती, केंद्रांच्या स्थापनेच्या तारखा आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांची नोंद करतात. ऐकणारा मात्र त्या इतिहासात फारसा आढळत नाही. तो आपल्या घरी बसलेला असतो. रेडिओचे बटण तो केव्हा आणि कोणीकडे फिरवील, याचा पत्ता कोणत्याही दप्तरात लागत नाही. तथापि स्वतंत्र भारताच्या पहिल्या दशकात या ऐकणाऱ्याने, आणि त्यातही चित्रपटगीतांच्या निस्सीम शौकिनाने, एका सरकारी धोरणाला आपली वाट बदलावयास लावली.

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते महाराष्ट्रीय होते, पॅरिसमध्ये शिकलेले होते, लोकसभेवर उत्तर प्रदेशातून निवडून आले होते आणि शास्त्रीय संगीताचे कळकळीचे अभिमानी होते. संस्थाने विलीन झाली, दरबार उठले, आणि गवयाला पोसणारा हात नाहीसा झाला. ती जागा आता राज्याने घ्यावी आणि नभोवाणी हे त्याचे साधन व्हावे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला; रविशंकरांच्या नेतृत्वाखाली आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. कलावंतांची पारख करणाऱ्या मंडळाची धुरा पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांकडे आली, आणि गुणी म्हणून नावाजलेल्यांनाही परीक्षेला बसावे लागल्याने पुष्कळ गहजब झाला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. अनेक घरांत बड्या गवयांचे गाणे प्रथम पोचले ते या मार्गाने. केसकरांची थट्टा करणारांनी हे ऋण सहसा मान्य केले नाही.

परंतु एकाला मान द्यावयाचा तर दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवलेच पाहिजे, असे त्यांना का वाटले असावे? चित्रपटगीतांत पाश्चात्त्य सुरावटींची उसनवारी आणि शब्दांचा उथळपणा वाढला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. या गीतांच्या वेळेला कात्री लागली आणि निवड कडक झाली. गाणे वाजवताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकट जाहिरात, या विचाराने तेही वगळण्यात आले. निर्माते बिथरले, त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली, आणि थोड्याच महिन्यांत आकाशवाणीवरून चित्रपटगीत जवळजवळ नाहीसे झाले. लोक याला सरसकट ‘बंदी’ म्हणत आले. खरे पाहता ते दोन्ही पक्षांच्या ताठरपणाचे फळ होते.

योगायोग असा की, त्याच १९५२ साली ‘बैजू बावरा’ पडद्यावर आला. नौशादांनी त्यात उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर यांना एकत्र गावयास लावले होते. ज्या रागसंगीताच्या रक्षणासाठी चित्रपटगीताला दूर सारले जात होते, तेच रागसंगीत चित्रपटगृहातल्या स्वस्त तिकिटाच्या बाकावर बसलेला प्रेक्षक तन्मयतेने ऐकत होता.

शौकिनाने मोर्चा काढला नाही; त्याने फक्त बटण फिरवले. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया सेनाविभागाने सैनिकांसाठी सिलोनमध्ये एक बलवान लघुलहरी प्रक्षेपक उभारला होता. युद्ध संपल्यावर तो सिलोन सरकारकडे आला आणि १९५० च्या सुमारास त्यावरून व्यापारी कार्यक्रम सुरू झाले. लघुलहरींना समुद्र किंवा सरहद्द आडवी येत नाही. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी ती मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात. निवेदक अमीन सयानी तेव्हा अवघे वीस वर्षांचेही नव्हते. ‘बहनों और भाइयों’ अशी त्यांची साद असे, आणि त्यात बहिणींना पहिला मान होता. पहिल्या कार्यक्रमानंतर नऊ हजार पत्रे आली, असे ते पुढे सांगत. बुधवारी रात्री आठ वाजता गल्ल्या सुन्या पडू लागल्या. दहा घरांपैकी नऊ घरी सिलोन लागलेले असते आणि दहाव्याचा रेडिओ बिघडलेला असतो, असे त्या काळी गमतीने म्हणत.

या ऐकण्यात नुसती करमणूक नव्हती. प्रारंभी सात गाण्यांचा क्रम ओळखून पाठवण्याची स्पर्धा असे. पुढे लोकप्रियतेनुसार क्रम लावण्यासाठी ध्वनिमुद्रिकांचा खप पाहू लागले. तथापि दुकानातील तबकड्या संपल्या की मागणी असूनही खप दिसेना. म्हणून श्रोता संघांचा कौल घेण्याची पद्धत आली. गावोगावचे हे संघ आपापसांत वाद घालीत, गायक, कवी व संगीतकार यांची नावे मुखोद्गत करीत, वह्यांत नोंदी ठेवीत. एरवी ज्यांची नावे पडद्यावर क्षणभर झळकून जात, ते गीतकार अशा वह्यांमुळे घराघरांत ओळखीचे झाले. अभ्रकाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले, आजच्या झारखंडमधील झुमरी तिलैया हे गाव तर फर्माइशींमुळे एवढे गाजले की, असे गाव खरोखर आहे काय अशी अनेकांना शंका येई. त्या कार्डांवर मागणी दोन ओळींची असे आणि खाली नावांची रांग लांबलचक. आपले नाव समुद्रापलीकडून उच्चारले जावे, यात जो अभिमान होता तो केवळ गाण्याचा नव्हता. टपालाच्या एका कार्डावर आपणही कोणी आहोत असे वाटण्याची सोय झाली होती.

महाराष्ट्रात याच सुमारास जे घडले ते अधिक बोलके आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्राचे प्रमुख सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने ते घडले. वर्षभरात छप्पन्न गीते झाली. त्या वेळी पूजेला बसावे तसे लोक रेडिओपुढे बसत. परंतु ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे दोघे कोण होते? दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले. ठरल्या वेळेत, ठरल्या प्रसंगासाठी गीत आणि चाल सिद्ध करण्याची त्यांची तालीम तेथलीच. दर आठवड्याला नवे गीत देण्याचे व्रत त्यांनी निभावले, त्यामागे ही तालीम होती. आकाशवाणीने चित्रपटगीताला दार लावले असताना तिला अमाप लौकिक मिळाला तो चित्रपटगीत घडवणाऱ्या हातांनी.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि चित्रपटगीत सरकारी नभोवाणीवर मानाने परतले. तिची आखणी करणारांत पंडित नरेंद्र शर्मा होते, आणि तेही हिंदी कवी असून चित्रपटगीतकारच. डॉ. केसकर १९६२ पर्यंत मंत्रिपदावर होते. म्हणजे दार लावले त्यांच्याच काळात आणि उघडले तेही त्यांच्याच काळात. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती आल्या. झुमरी तिलैयाची कार्डे तिच्याकडेही येऊ लागली. आणि १९८९ मध्ये, छत्तीस वर्षे सिलोनवरून ऐकू येणारी गीतमाला, सिबाका हे नवे नाव लावून, विविध भारतीवर दाखल झाली.