बुटावरचा आकडा आणि जवाचा दाणा

मे महिन्यातल्या एखाद्या सकाळी दिवा स्टेशनाबाहेर उभे राहावे आणि शीळफाट्याकडे निघालेल्या मोटारसायकलस्वारांच्या पायांकडे पाहावे. डोक्यावर हेल्मेट असते, पायांत मात्र बहुधा चप्पल किंवा सॅंडल. गाडी घसरली की पाऊल आणि घोटा गाडी व रस्ता यांच्यामध्ये चेंगरतो, हे या मंडळींना ठाऊक नसते असे नाही. बूट का घालत नाही, असे विचारले तर उत्तरे दोनच मिळतात : "चावतो" आणि "पाय उकडतात."

ही उत्तरे आळसाची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीत. पहिल्यामागे मोजमापाचा काही शतकांचा इतिहास आहे आणि दुसऱ्यामागे बाष्पीभवनाचे भौतिकशास्त्र. दोन्ही आपल्या वर्गात शिकवण्याजोगे आहेत.

जवाने मोजलेले पाऊल

बुटाच्या तळाशी ७, ८, ९ असा आकडा छापलेला असतो. हा आकडा कशाचा? तो इंचांचा नाही, सेंटिमीटरांचाही नाही. तो आहे जवाच्या दाण्यांचा! मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तीन जवांची लांबी म्हणजे एक इंच असे मानत. पुढे बुटाच्या लगतच्या दोन आकड्यांतले अंतर एक जव, म्हणजे एक तृतीयांश इंच (सुमारे साडेआठ मिलिमीटर) असे ठरले. रॅंडल होम या इंग्रज लेखकाच्या १६८८च्या ग्रंथात या पद्धतीची नोंद आहे. युरोप खंडात मात्र दोन तृतीयांश सेंटिमीटरचा 'पॅरिस पॉइंट' रूढ झाला. म्हणूनच एकाच बुटावर इंग्रजी ७ आणि युरोपीय ४१ असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात.

जव आपल्यालाही परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांचे एक अंगुळ आणि चौदा अंगुळांचे एक पद असे कोष्टक आहे. इंग्रजांनी दाणे लांबीने मांडले, आपल्याकडे ते रुंदीने मांडले. शेतातला सगळ्यांच्या ओळखीचा दाणा मापासाठी घ्यावा, ही युक्ती मात्र दोन्हीकडे सुचली. ब्रिटिश अमलात बुटांचे इंग्रजी आकडे आपल्याकडे आले आणि स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिले.

या आकड्यात एक मोठी उणीव आहे. तो फक्त लांबी सांगतो. चवड्याची रुंदी किंवा पावलाच्या वरच्या भागाची उंची याविषयी तो काहीच बोलत नाही. दोघांच्या पावलांची लांबी अगदी सारखी असली, तरी एकाला ८ नंबर मऊ लागतो आणि दुसऱ्याच्या करंगळीला तोच फोड आणतो. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक याने १९२७च्या सुमारास लांबीबरोबर रुंदीही मोजणारे धातूचे साधन बनवले. आपल्या दुकानांत मात्र बहुतेक ठिकाणी एकट्या आकड्यावरच व्यवहार चालतो.

साचा कोणाच्या पायाचा?

गावातला चांभार पायताण करताना गिऱ्हाइकाचे पाऊल कागदावर किंवा चामड्यावर ठेवायला सांगे आणि भोवती रेघ ओढून घेई. लांबी, रुंदी आणि बोटांचा तिरकसपणा एका रेघेत उतरे. कोल्हापुरी वहाणांचे चामडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावतात. नव्या वहाणा आठ-पंधरा दिवस करकरतात आणि मग पायाचा आकार घेतात. वरून उघड्या असल्याने पाय उकडण्याचा प्रश्नही येत नाही. हे ज्ञान ज्यांच्या हाती होते, त्यांना समाजाने शिवून घेतले नाही. त्यामुळे ते शास्त्र म्हणून कोणी लिहून ठेवावे, असे फारसे कोणाला वाटले नाही.

कारखान्यात हा क्रम उलटा झाला. एकोणिसाव्या शतकात कानपुरात लष्करासाठी बूट होऊ लागले. १९३०च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभे राहिले. कारखान्यातला बूट कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या साच्यावर चढवून तयार होतो. साचा आधी ठरतो, पाय नंतर येतो. मग हा 'सरासरी' पाय कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर शोधायला बराच काळ जावा लागला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली. भारतीय पावले युरोपीय व अमेरिकी पावलांपेक्षा साधारणपणे रुंद असतात, असे त्यात दिसले. चिंचोळ्या बुटात चवडा मावावा म्हणून अनेक जण गरजेपेक्षा लांब बूट घेतात. मग टाच आत सरकत राहते आणि सोलवटते. या मोजणीवरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली. म्हणजे "चावतो" ही तक्रार पायाची नव्हती, साच्याची होती.

उकाड्याचे गणित

आता दुसरी तक्रार. मोटारसायकलचा उंच बूट थंड देशांत घडला. पहिल्या महायुद्धातले निरोप पोचवणारे मोटारसायकलस्वार घोडेस्वारांसारखेच उंच चामडी बूट घालत. तळपायावर घर्मग्रंथींची मोठी दाटी असते. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. पण वाफेला बाहेर जायला वाट हवी. ती वाट म्हणून बुटाला भोके किंवा जाळी ठेवतात. गाडी धावताना वारा आत शिरतो. शीळफाट्याच्या कोंडीत गाडी थांबली की वाराही थांबतो.

पावसाळ्यासाठी काही बुटांत पाणी अडवणारे पण वाफ सोडणारे पटल असते. १९६९मध्ये अमेरिकेत लागलेल्या गोअर-टेक्सच्या शोधातून त्याची सुरुवात झाली. पण वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबांतील फरकामुळे. बुटाच्या आत ३४ अंश सेल्सिअस तापमानाची संपृक्त हवा धरली, तर बाष्पदाब सुमारे ४० मिलिमीटर (पाऱ्याचा) येतो. थंड देशात बाहेर ५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तो सुमारे ५, फरक ३५. जुलैत दिव्याला २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरचा दाब २५ च्या वर. फरक जेमतेम १५. तोच बूट, तेच पटल, पण वाफ ढकलणारा जोर निम्म्याहून कमी! दोरीवरचे कपडे जुलैत वाळत नाहीत, त्याचेही कारण हेच.

मग बूट घ्यावा कसा?

बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाऊल थोडे फुगते. रोज घालतो तेच मोजे घालून, दोन्ही पायांत चढवून उभे राहावे. बोटे हलली पाहिजेत, टाच मात्र उचलता कामा नये. गिअरच्या दांड्याखाली चवडा सहज जातो का, हे गाडीवर बसूनच पाहावे. उन्हाळ्यासाठी जाळीचा बूट चांगला; मात्र घोटा, टाच आणि बोटांपाशी कडक संरक्षण हवे. मोटारसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. त्यात मजबुतीच्या चाचण्या आवश्यक आहेत, तर वरचा भाग वाफ किती सोडतो ही चाचणी ऐच्छिक आहे. म्हणून केवळ 'हवेशीर' या शब्दावर विसंबू नये. पावसात जाळीतून पाणी येणारच. बूट लवकर वाळेल आणि कोरडे मोजे जवळ असतील, एवढे पाहावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर पाऊल ठेवून रेघ ओढावी, लांबी व रुंदी मिलिमीटरमध्ये मोजावी आणि आलेख काढावा. एकच लांबी असलेल्या पावलांच्या रुंदीत किती फरक पडतो, ते पाहावे. मग प्रत्येकाने आपला कागदी आराखडा आपल्याच बुटाच्या तळाशी ठेवून बघावा. कागद किती ठिकाणी बाहेर येतो, ते मोजायला विसरू नये.