किल्ली कोणाच्या कमरेला?

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. कोठीची किल्ली, कपाटाची, ट्रंकेची, आणि देवघरातल्या छोट्या पेटीची. आधी किल्ल्यांचा आवाज यायचा, मग आजी यायची. पुढे एका दिवाळीत तिने तो जुडगा आईच्या हातात दिला. कोणी काही बोललं नाही, पण कारभार बदलला हे आम्हा पोरांनाही कळलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात आलेला एक फोन.

कॉलेजमधला माझा एक मित्र काही महिन्यांपूर्वी अचानक गेला. चाळिशीही गाठली नव्हती. कागदपत्रं आवरताना वहिनींना ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्हसारखं दिसणारं एक यंत्र सापडलं. "भावजी, ह्यात बिटकॉइन आहेत असं तो म्हणायचा. तुम्ही आयटीतले, जरा उघडून देता का?"

गेलो. यंत्र लॅपटॉपला लावलं. त्याने पिन मागितला. लग्नाची तारीख घालून पाहिली, चूक. मुलीचा वाढदिवस, चूक. ह्या जातीचं यंत्र तिसऱ्या चुकीला स्वतःला पुसून टाकतं हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथेच थांबलो. मग चोवीस शब्दांचा कागद शोधायला लागलो. डायऱ्या, पासबुकांची फाईल, पुस्तकांची पानं, सगळं पालथं घातलं. नाही मिळाला. त्याच्या जुन्या ईमेलमध्ये पत्ता मात्र सापडला. तो टाकून पाहिला तर पाऊण बिटकॉइन जागेवर आहे! जगातल्या कोणालाही दिसतंय, कोणालाच हलवता येत नाहीये.

वहिनींनी शांतपणे विचारलं, "मग अर्ज कुठे करायचा?"

मी गप्प. कारण अर्ज करायला खिडकीच नाहीये.

तर आजचा विषय हा. आपली किल्ली आपल्याकडे ठेवावी, की कोणा एक्स्चेंजकडे? इंटरनेटवर ह्यावर दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडणारे भरपूर आहेत. मी ह्या वेळी भांडण बाजूला ठेवून इतिहास चाळला. तो जेमतेम पंधरा-सतरा वर्षांचाच आहे, पण बोलका आहे.

सुरुवात सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने एक नऊ पानी टिपण प्रसिद्ध झालं. ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला, आणि त्यात सातोशीने त्या दिवशीच्या लंडनच्या टाइम्समधला, बँकांना सरकारने पुन्हा हात देण्याबद्दलचा मथळा घालून ठेवला. रोख स्पष्ट होता. मधला माणूस नको.

मधला माणूस जातो कसा, तर खातेवही हजारो संगणकांवर सगळ्यांसमोर उघडी असते. पैसे 'वॉलेट'मध्ये नसतातच, ते ह्या वहीत असतात. तुमच्याकडे असते फक्त एक प्रचंड मोठी संख्या. ती वापरून सही केली की वहीतली नोंद सरकते. ही संख्या म्हणजे किल्ली. ज्याच्याकडे ती, तो मालक. वारसदार, पॉवर ऑफ ॲटर्नी, 'साहेब, जरा बघा ना', ह्यातलं काही वहीला कळत नाही.

आता गंमत बघा. मधला माणूस काढायला म्हणून जे बांधलं, त्याच्या किल्ल्या लोकांनी दीड-दोन वर्षांतच मधल्या माणसाकडे नेऊन दिल्या. का? सोय! डॉलर किंवा येन देऊन बिटकॉइन घ्यायचं तर दुकान लागतंच, आणि घेतलेला माल दुकानातच ठेवणं सोपं. माउंट गॉक्स हे त्यातलं सगळ्यात मोठं दुकान. ते डोमेन मुळात पत्त्यांच्या एका खेळातली कार्डं विकण्यासाठी घेतलेलं. २०१० मध्ये तिथे बिटकॉइनची खरेदी-विक्री सुरू झाली, २०११ मध्ये मालक बदलला आणि कारभार टोकियोतून चालू लागला. फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी पैसे काढणं बंद झालं आणि महिनाअखेर दिवाळखोरीचा अर्ज आला. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन गायब, त्यातली ७,५०,००० ग्राहकांची. तेव्हा अस्तित्वात असलेल्या नाण्यांच्या जवळजवळ ७ टक्के! पुढच्याच महिन्यात त्यातली २,००,००० एका जुन्या वॉलेटमध्ये 'सापडली'. म्हणजे आपल्याकडे काय आहे हे दुकानदारालाच माहीत नव्हतं. ग्राहकांना नाणी परत मिळायला लागली ती जुलै २०२४ मध्ये. दहा वर्षांनी.

दुसरी गोष्ट थेट आपल्या देशातून जाते. क्वाड्रिगा नावाचं कॅनडातलं मोठं एक्स्चेंज. त्याचा तीस वर्षांचा संस्थापक जेरल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये भारतात आला असताना जयपूरला वारला. महिनाभराने कंपनीने जाहीर केलं की किल्ल्या त्याच्या एकट्याकडे होत्या. सुमारे ७६,००० ग्राहक अडकले. सगळ्यांनी हळहळ केली, की बघा, एकाच माणसाच्या डोक्यात सगळं ठेवलं की असं होतं. पण तपासात निघालं भलतंच. ज्या वॉलेटमध्ये नाणी बंद आहेत असं म्हणत होते, ती कॉटन जिवंत असतानाच रिकामी झालेली होती. २०२० मध्ये ऑन्टारिओच्या सिक्युरिटीज कमिशनने स्वच्छ शब्दांत लिहिलं की हा घोटाळा होता. कॉटनने खोटी खाती उघडून ग्राहकांच्याच पैशांवर सट्टा खेळला होता. किल्ली हरवलीच नव्हती, तिजोरीतच काही नव्हतं.

आणि १८ जुलै २०२४. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज गेला. हे वॉलेट काही एकाच किल्लीचं नव्हतं. सह्यांचे अधिकार सहाजणांकडे होते, पाच कंपनीचे आणि एक बाहेरच्या कस्टडी कंपनीचा. कंपनीचं म्हणणं असं की सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक दिसत होतं आणि प्रत्यक्षात सही दुसऱ्यावरच होत होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात ह्या चोरीचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. इथल्या ग्राहकांची खाती गोठली आणि तोडग्याची योजना गेली सिंगापूरच्या न्यायालयात. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे पंधरा महिन्यांनी. आमच्या ऑफिसात त्या काळात दोघं-तिघं रोज सकाळी चहाआधी ॲप उघडून बघायचे. खिडकी होती, पण तिच्यावर 'बंद' अशी पाटी.

'नॉट युअर कीज, नॉट युअर कॉइन्स', म्हणजे किल्ली तुझी नाही तर नाणं तुझं नाही, हे वाक्य एवढं लोकप्रिय का झालं ते ह्यावरून कळतं. मीही हे वाक्य दहा जणांना ऐकवलंय. माझ्या मित्रालाही मीच ऐकवलं असणार...

पण दुसऱ्या बाजूचा इतिहासही वाचा. वेल्समधल्या न्यूपोर्टला एका माणसाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तीवर सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो नगरपालिकेशी वर्षानुवर्षं भांडला, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा निकालात काढला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रोग्रॅमरची गोष्ट २०२१ मध्ये जगभर गाजली. त्याच्याकडे ७,००२ बिटकॉइन, पासवर्डचा कागद हरवलेला, दहापैकी आठ प्रयत्न संपलेले. ही काही अडाणी माणसं नव्हेत, आपल्यासारखीच संगणकवाली. चेनॲलिसिस ह्या कंपनीचा त्या सुमाराचा अंदाज होता की एकूण बिटकॉइनपैकी जवळजवळ २० टक्के अशीच हरवलेली किंवा अडकलेली आहेत. एवढा मोठा दरोडा कुठल्याच चोराला जमलेला नाही. तो आपल्या विसरभोळेपणाने आणि मरणाने घातला.

मग बँकेवर आपण एवढा विश्वास का ठेवतो? बँका काय बुडत नव्हत्या? भरपूर बुडत होत्या. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली. केवढा हलकल्लोळ झाला. त्यातून १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला, तेव्हा माणशी १,५०० रुपयांपर्यंत. १९९३ मध्ये ही मर्यादा १ लाख झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, मुंबईत शाखांबाहेर म्हातारी माणसं रडताना आपण टीव्हीवर पाहिली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा ५ लाख झाली. लॉकरचंही तेच. त्यातल्या वस्तूंशी आमचा संबंध नाही असं बँका वर्षानुवर्षं सांगत आल्या. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कान उपटले, आणि २०२२ पासून आग, चोरी किंवा कर्मचाऱ्यांची लबाडी झाली तर वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाईची जबाबदारी बँकेवर आली.

मला ह्यातून एवढंच कळलं. बँकेतली माणसं चांगली म्हणून आपले पैसे सुरक्षित राहतात असं नाहीये. आपल्या आधीच्या ठेवीदारांनी मार खाल्ला, त्यातून नियम आले, आणि त्या नियमांच्या आधारावर आपण निवांत झोपतो. क्रिप्टोला आपल्याकडे अजून ते नशीब नाही. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ टक्का टीडीएस आहे, पण ठेवींच्या विम्याचं छत्र नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या प्रकरणात क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून धारण करता येते असं म्हटलं. ही सुरुवात आहे, छत्र नव्हे.

म्हणजे एक्स्चेंजकडे ठेवाल तर ते बुडेल त्या दिवसाची सोय अजून कायद्याने केलेली नाही. स्वतःकडे ठेवाल तर तुम्ही नसाल त्या दिवसाची सोय तुम्हालाच करायला हवी, आणि ती आपण करत नाही. 'किल्ली माझ्याकडे आहे' म्हणून छाती फुगवतो आणि घरी कोणालाच काही सांगत नाही. आजी असं करत नव्हती. जुडगा तिच्या कमरेला असला तरी कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, हे आईला लग्नानंतर वर्षभरातच ठाऊक झालं होतं.

मी काय केलं ते सांगतो. सल्ला म्हणून नव्हे, नोंद म्हणून. थोडी नाणी एक्स्चेंजवर ठेवली. ती बुडाली तर वाईट वाटेल, पण घर चालेल इतकीच. बाकीची स्वतःकडे. चोवीस शब्द कागदावर दोनदा लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवले. फोटो नाही, ईमेल नाही, क्लाउड नाही. आणि गेल्या रविवारी दुपारी बायकोला टेबलाशी बसवलं. नवं कोरं यंत्र, त्यात थोडी रक्कम टाकली, मग ते मुद्दाम पुसलं. म्हटलं, आता मी नाही असं समज आणि परत आण. बॅकअप रिस्टोर करून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये, हे ऑफिसात आपण सगळ्यांना शिकवतो ना? मग घरी का नाही?

तिला पाऊण तास लागला. आधी म्हणाली, "हे शब्द मराठीत का नाहीत?" खरंच नाहीत. ही पद्धत २०१३ मध्ये आली. तिच्या अधिकृत याद्यांत जपानी, कोरियन, स्पॅनिश, अगदी चेकसुद्धा आहे, एकही भारतीय भाषा नाही. मग एक शब्द चुकला, यंत्राने नाकारला, तिने पुन्हा पहिल्यापासून घातले. शेवटी रक्कम दिसली. मी खूश! आणि तिने विचारलं, "आपण दोघं एकदमच गेलो तर?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. संध्याकाळी बहिणीला एक बंद पाकीट देऊन आलो. त्यात शब्द नाहीत, ते कुठे आहेत एवढंच आहे. बहिणीने न उघडता ते कपाटात ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली.

वहिनींकडचं यंत्र त्यांच्याकडेच आहे. एक प्रयत्न शिल्लक आहे. "राहू दे," म्हणाल्या, "कधी काही आठवलं तर." मी अधूनमधून तो पत्ता टाकून बघतो. पाऊण बिटकॉइन तिथेच आहे.

असो. आज रविवार आहे. घरातल्या कोणाला तरी बोलवा आणि शेजारी बसवा.