शीव, हद्द आणि सरहद्द

शेजाऱ्याची भाषा आपल्या भाषेंत बहुधा बांधावरूनच येते. जर्मन भाषेंतील 'ग्रेन्त्से', म्हणजे सीमा, हा शब्द याची साक्ष देतो. जर्मनांचा घरचा शब्द 'मार्क' हा होता. तेराव्या शतकांत ट्यूटॉनिक धर्मयोद्ध्यांनीं बाल्टिक किनाऱ्याकडे राज्य उभारलें, तेव्हां स्लाव्ह लोकांच्या शेजारांतून 'ग्रानित्सा' हा शब्द त्यांच्या कागदपत्रांत शिरला. त्याचें मूळ 'कड, कंगोरा' या अर्थाचें आहे. पुढें मार्टिन ल्यूथरच्या लेखनामुळें तो जर्मनभर रूढ झाला आणि डच, डॅनिश, स्वीडिश भाषांनींहि तो घेतला.

मराठीचा घरचा शब्द 'शीव'. संस्कृत 'सीमा' प्राकृताच्या मुखांतून झिजून तो झाला. मुंबई बेट जेथें संपे, त्या ठिकाणाचें नांवहि शीवच. परंतु दप्तरांत बसली ती अरबी 'हद्द', आणि तिला फारसी 'सर' जोडून झालेली 'सरहद्द'. शेतकऱ्याची ती शीव, सत्ताधाऱ्याची ती सरहद्द, असा भेद सहज पडला.

हा भेद हिंगोलीच्या परिसरांत स्पष्ट दिसतो. 1853 च्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठीं. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीस होती. छावणी निजामाच्या मुलखांत राहिली, आणि पैनगंगेपलीकडचा मराठी मुलूख इंग्रजी अमलांत गेला. दोन्ही तीरांवर बोली मराठी, सोयरिकी मराठी. पण नाणें निराळें, कायदा निराळा, आणि दरबारची भाषाहि निराळी. निजामी राज्यांत ती उर्दू होती. 1947-48 च्या मुक्तिलढ्यांत संस्थानच्या सरहद्दीबाहेर कार्यकर्त्यांनीं तळ उभारले, ते याच निराळेपणाच्या आधारावर.

17 सप्टेंबर 1948 रोजीं निजामानें शरणागति पत्करली. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं मराठवाडा व विदर्भ एकाच द्विभाषिक मुंबई राज्यांत आले, आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रांत. राज्याराज्यांमधली ती रेषा केवळ जिल्ह्यांची मर्यादा झाली. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा परभणींतून निघाला तो 1 मे 1999 रोजीं.

सत्तांनीं ओढलेली सरहद्द शंभर वर्षांनीं पुसली गेली. शीव मात्र गांवोगांव उरली, कारण ती तलवारीनें नव्हे, नांगरानें आंखलेली असते. दसऱ्याला तीच ओलांडावयाची असते. तिचें नांव सीमोल्लंघन.