समाजमाध्यमे व लोकसहभाग (सोलापूर जिल्हा)

समाजमाध्यमे व लोकसहभाग : स्वयंसेवी संस्थांनी फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांसारख्या माध्यमांचा उपयोग करून आपल्या कार्याभोवती लोकांना जोडून घेण्याची व त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम उभे करण्याची पद्धती. संस्थेची कीर्ती पसरविणे म्हणजे लोकसहभाग नव्हे. ज्याने चित्रफीत पाहिली त्याला पुढे करण्याजोगे एखादे काम, त्या कामाची जागा आणि वेळ सांगितली गेली, तरच पाहणारा सहभागी होतो. सोलापूर जिल्ह्यात ही पद्धती सर्वांत ठळकपणे दिसली ती पाणी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ या स्पर्धेत.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. भीमेवरील उजनी धरणाच्या लाभक्षेत्राबाहेरची बरीचशी शेती पावसावर व विहिरींवर अवलंबून असल्यामुळे शिवारात पडलेले पाणी शिवारातच मुरविणे, म्हणजे पाणलोट विकास, ही येथील जुनी गरज आहे. समाजाला उद्देशून बोलण्याची परंपराही येथे जुनीच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केल्याची कथा कीर्तनांतून गावोगावी पोहोचली, आणि तातडीचा निरोप दवंडीने फिरत असे. भ्रमणध्वनीवरील गट हा या दवंडीचाच वारस म्हणता येईल. मात्र दवंडीला उलट उत्तर देता येत नसे, गटावर ते देता येते, आणि हा फरक लहान नाही.

आमिर खान व किरण राव यांनी 2016 मध्ये पाणी फाउंडेशनची स्थापना केली. पहिल्या वर्षी वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीनच तालुक्यांत झालेली स्पर्धा 2017 मध्ये 30, 2018 मध्ये 75 आणि 2019 मध्ये 76 तालुक्यांपर्यंत गेली. ऐन उन्हाळ्यात सुमारे दीड महिना गावाने श्रमदान करायचे व झालेल्या कामाला गुण मिळायचे, असे तिचे स्वरूप होते. गावाने निवडून पाठविलेल्या स्त्री-पुरुषांना आधी निवासी प्रशिक्षण दिले जाई, आणि पाणलोटाचे तंत्र समजावणाऱ्या मराठी चित्रफिती ते परतल्यावर चावडीत किंवा देवळासमोर दाखवीत. उताराला आडवा, एकाच पातळीत खोदलेला चर म्हणजे समतल चर. त्याची रेषा पारदर्शक नळीतील पाण्याची पातळी दोन टोकांना जुळवून कशी आखावी, हे वाचून चटकन उमगत नाही, पण दोन मिनिटांच्या चित्रफितीत शाळकरी मुलालाही कळते. चित्रफितींचे खरे मोल येथे होते. प्रसिद्ध चेहऱ्यांमुळे लोक थांबले, परंतु त्यांच्या हाती काम आले ते या धड्यांमुळे.

दूरचित्रवाणीवरील ‘तुफान आलंया’ या मालिकेतून गावांच्या कथा शहरांत पोहोचल्या. शहरी नागरिकांना ‘जलमित्र’ म्हणून ऑनलाइन नोंदणी करता येई, आणि 2018 च्या महाराष्ट्र दिनी, 1 मे रोजी, झालेल्या महाश्रमदानासाठी असे जलमित्र शहरांतून गावांच्या शिवारांत गेले. गावात मात्र माध्यमाचे रूप साधे असे : सायंकाळी गटावर उद्याच्या जागेचा व वेळेचा निरोप यायचा, सकाळी टिकाव, फावडी व घमेली घेऊन माणसे जमायची, आणि दुपारपर्यंत खोदलेल्या चरांची छायाचित्रे त्याच गटावर झळकायची. पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला गावकरी ती छायाचित्रे पाहून खोदकामाच्या यंत्रांच्या डिझेलसाठी पैसे पाठवी किंवा सुट्टी काढून स्वतःच येई. वर्षानुवर्षे गावाशी सैल झालेली त्याची गाठ अशी पुन्हा घट्ट होणे, ही या माध्यमाची मोठी देणगी मानावी लागते.

2019 च्या स्पर्धेत बार्शी तालुक्यातील सुर्डी या गावाने राज्यात पहिला क्रमांक आणि 75 लाख रुपयांचे पारितोषिक मिळविले.

या पद्धतीची एक मर्यादा गंभीर आहे. छायाचित्रात काठोकाठ भरलेले तळे दिसते. त्या पाण्यावर पुढे ऊस लावला गेला की ज्वारी, तूर, हे दिसत नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पावसातून मिळालेले पाणी आणि पिके, जनावरे व माणसे यांची गरज यांचा वार्षिक हिशेब, हाच कामाचा अवघड भाग आहे, आणि तो ग्रामसभेत समोरासमोर बसूनच मांडावा लागतो. गटावर त्यासाठी अंगठा उमटविणे सोपे असते; स्वतःच्या वाट्याचा बोअर न घेणे अवघड.

2019 नंतर संस्थेचा भर शेतकऱ्यांच्या गटशेतीकडे वळला. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘फार्मर कप’ स्पर्धेला ऑनलाइन ‘डिजिटल शेतीशाळा’ची जोड मिळाली असून, तीत कृषी शास्त्रज्ञ पीकवार मार्गदर्शन करतात व शेतकरी थेट प्रश्न विचारतात. जे माध्यम पूर्वी श्रमदानाची हाक देत होते, त्यावर आता कीड लागलेल्या पानाचे छायाचित्र टाकून उपाय विचारला जातो.